जुना वड कोसळतो तेव्हा

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोठे ना कोठे एखादा प्रचंड जुना वृक्ष उन्मळून पडल्याचे वर्तमान येते. ‘झाड म्हातारे झाले होते’ एवढे म्हणून लोक मोकळे होतात. हे कारण बहुधा अपुरे असते. आपल्या जिल्ह्यातील कित्येक शाळांची मुले वडाच्या सावलीत बसतात. म्हणून शिक्षकांनी या प्रश्नाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील भोसे येथे यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड होता. राष्ट्रीय महामार्गाच्या कामात तो जाणार असे दिसताच २०२० साली ग्रामस्थ व वृक्षप्रेमी एकत्र आले आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी रस्त्याची आखणी बदलण्यास मान्यता दिली. असा वाचलेला तो वृक्ष २०२२ च्या जूनमध्ये कोसळला. वृक्ष तोडू न देणे आणि वृक्ष उभा ठेवणे ही दोन कामे निराळी आहेत.

वृक्षाची सारी मुळे खोल जातात असे आपण मुलांना सांगतो. वास्तविक अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या हात-दोन हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरतात. तेथे चर खणला की एका बाजूचा आधार तुटतो. झाड लगेच वाळत नाही. पाने हिरवीच राहतात. पण तुटलेल्या टोकांतून बुरशी शिरते व मुळे कुजत जातात. काही वर्षांनी माती भिजून मऊ होते, पर्णभार पाण्याने जड होतो, आणि वाऱ्याचे निमित्त पुरते. ढोलीचे भय मात्र आपण उगाच बाळगतो. खोडाचा गाभा मृतच असतो; कडा जाड असतील तर पोकळ खोडही वेळूप्रमाणे उभे राहते.

वडाला तर पारंब्यांचा आधार असतो. कोलकात्याजवळील शिबपूरच्या वनस्पती-उद्यानातील महावटाचे मूळ खोड वादळांचे तडाखे बसल्यावर बुरशीने पोखरले. १९२५ साली ते काढावे लागले. तरी हजारो पारंब्यांवर तो वृक्ष आजही जिवंत आहे.

एका शाळेत वडाभोवती सिमेंटचा पार बांधून अंगणात फरशी घातली होती. शेरेबुकात मी त्या कामाची प्रशंसा लिहिली. तिसऱ्या पावसाळ्यात झाड स्वयंपाकखोलीवर पडले. रविवार होता. पाराच्या पायासाठी तोडलेली मुळे काळी पडून भुसभुशीत झालेली मी स्वतः पाहिली. माझा शेरा त्या पुस्तकात अद्याप आहे.

शाळा उघडण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी घालावी. बुंध्याशी माती एका बाजूने फुगली वा भेगाळली आहे काय, मुळांवर अळंबी उगवली आहे काय, झाडाचा कल वाढला आहे काय, हे पाहावे. माती उचललेली दिसताच मुलांना तेथे बसवू नये व ग्रामपंचायतीस त्याच दिवशी लेखी कळवावे. झाड निरोगी असल्यास जमिनीजवळ आलेल्या पारंबीभोवती उभा चिरलेला पोकळ बांबू बांधावा, आत माती व शेणखत भरावे आणि मुलांनी पाळीपाळीने पाणी घालावे. टोक जमिनीत रुजले की बांबू काढून दुसऱ्या पारंबीला लावावा.