वर्गसमीकरणाची दोन उत्तरे



शालान्त परीक्षा आटोपली की बहुतेकांचा वर्गसमीकरणाशी संबंध सुटतो. सूत्र कुठेतरी स्मरणात राहते. ते कशासाठी होते, हे मात्र विसरले जाते. गणिताचा एक अध्यापक या नात्याने त्या सूत्रामागील विचार आपल्यापुढे मांडावा, असे मी योजिले आहे. त्याचा एक धागा आपल्या पेडणे महालातूनच निघतो, हे या विषयाच्या निवडीचे आणखी एक कारण.

पेडण्यातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. १८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील हे धन्वंतरी प्राचीन लेखांचे संशोधकही होते. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख त्यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याला दाने मिळाली, असे तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख सांगतो. लेख मुख्यतः संस्कृतात आहे. अखेरचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. गणिताच्या अध्ययनासाठी दिलेल्या दानाची नोंद आपल्या भाषेत आठशे वर्षांपूर्वी कोरली गेली, ही गोष्ट कोणत्याही शाळेने अभिमानाने सांगावी अशी आहे.

वर्गसमीकरणाचा इतिहास त्याहूनही पुष्कळ जुना. सुमारे ३८०० वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मृत्तिकापट्टांवर चौरसाचे क्षेत्रफळ आणि बाजू यांची बेरीज देऊन बाजू शोधण्याची उदाहरणे आढळतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अशा समीकरणांचे नियम दिले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने चौरसांच्या आकृत्यांनी तेच सिद्ध केले. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांच्या नावानिशी नोंदविली म्हणून ती टिकली. तिचा आशय एवढाच, की समीकरणाच्या एका बाजूस योग्य संख्या मिळवून ती बाजू पूर्ण वर्ग करावी आणि मग वर्गमूळ घ्यावे. पाठ्यपुस्तकातील सूत्र हे याच रीतीचे संक्षिप्त रूप होय.

वर्गमूळ घेताना धन आणि ऋण असे दोन पर्याय येतात, म्हणून उत्तरेही दोन येतात. दोन्ही खरी मानावयाची काय? ‘बीजगणिता’त याविषयी वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आणि १२ वानर डोंगरावर दिसतात. उत्तरे ४८ आणि १६, दोन्ही ग्राह्य. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून उरलेल्याचा वर्ग गुहेत शिरतो आणि एक वानर फांदीवर राहतो. उत्तरे ५० आणि ५. परंतु ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ वानर कसे वजा करावे? समीकरण ५ हे उत्तर मान्य करते, भास्कराचार्य मात्र ते नाकारतात. उत्तर काढल्यावर ते परिस्थितीस लावून पाहणे हा गणिताचाच भाग आहे, असा हा धडा आहे.

सतराव्या शतकात देकार्त यांच्या भूमितीमुळे (१६३७) समीकरण आणि वक्र यांचा संबंध स्पष्ट झाला. आपल्याकडील उदाहरण घेऊ. चिऱ्यांच्या गडग्याला लागून मिरचीचा वाफा करावयाचा आहे आणि उरलेल्या तीन बाजूंसाठी ४० मीटर कुंपण आहे. रुंदी ५ मीटर ठेवली तर लांबी ३० आणि क्षेत्रफळ १५० चौरस मीटर. रुंदी ८ तर १९२. १० तर २००. १२ तर पुन्हा १९२. १५ तर पुन्हा १५०. हे बिंदू आलेखावर मांडून जोडले की घुमटासारखा वक्र तयार होतो. त्यालाच अन्वस्त म्हणतात. १५० चौरस मीटर हवे असतील तर उत्तरे दोन, ५ आणि १५. २०० साठी उत्तर एकच, कारण ते वक्राचे शिखर. २५० मागितले तर उत्तरच नाही. वक्र तेवढा उंच जातच नाही. ‘विवेचक ऋण आहे’ या रूक्ष वाक्याचा अर्थ इतका साधा आहे.

फेकलेली वस्तू, हवेचा विरोध सोडल्यास, अन्वस्ताच्या मार्गाने जाते, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले. मैदानावर उंच मारलेला फुटबॉल स्थूलमानाने तोच वक्र रेखाटतो. घराच्या छपरावरील डिश अँटेनाचा छेदही अन्वस्ताचाच. म्हणून दूरवरून समांतर येणाऱ्या लहरी तिच्या नाभीपाशी एकवटतात.

तथापि या विषयाची खरी निकड रस्त्यावर आहे. धारगळवरून जाणाऱ्या महामार्गावरील वाहने, मोपा येथे २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला विमानतळ, डिचोलीकडचे खनिजवाहू ट्रक आणि दुचाकीवर निघालेली आपली मुले, हे सारे एकाच नियमाने बांधलेले आहेत. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटतो असे धरू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. वाहन २ सेकंदांत, १० मीटर जाऊन थांबते. वेग दुप्पट केला तर थांबण्यास लागणारा वेळ दुप्पट आणि सरासरी वेगही दुप्पट. म्हणून अंतर चौपट, ४० मीटर. ब्रेक दाबण्यापूर्वी भान येण्यात जाणारा एक सेकंद मिळविला तर ही अंतरे अनुक्रमे २० आणि ६० मीटर होतात.

आता प्रश्न उलटा विचारू. वळणापलीकडे ४० मीटरवर गुरे उभी असतील, तर वेग किती असावा? सेकंदाचा वेग क्ष मीटर मानल्यास क्ष चा वर्ग अधिक १० क्ष बरोबर ४०० हे समीकरण मिळते. दोन्ही बाजूंत २५ मिळविले की क्ष अधिक ५ याचा वर्ग ४२५ होतो. उत्तरे सुमारे १५.६ आणि उणे २५.६. दुसरे उत्तर भास्कराचार्यांच्या त्या ५ वानरांसारखेच त्याज्य. पहिल्याचा अर्थ ताशी सुमारे ५६ किलोमीटर. पावसात ब्रेकची पकड निम्मी झाली, तर हीच मर्यादा सुमारे ४३ वर येते.

आपल्याकडे पाऊस चार महिने असतो आणि वळणे बारमाही. विद्यार्थ्यांनी सूत्र विसरले तरी चालेल. मात्र वेग वाढतो त्याच्या वर्गाने धोक्याचे अंतर वाढते, एवढे त्यांच्या हातापायांत उतरावे. तसे झाले, तर पाटणच्या मठाला मिळालेले दान आजही सत्कारणी लागत आहे, असे मी मानीन.