मानसिक आरोग्यविषयक लेखनाची तथ्यपडताळणी

मानसिक विकार, त्यांची लक्षणे, कारणे, उपचार व तत्संबंधीचे कायदे यांवर सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या मजकुरातील विधाने प्रसिद्धीपूर्वी मूळ आधारांशी ताडून पाहण्याची संपादकीय प्रक्रिया. हे काम परंपरेने संपादक, मुद्रितशोधक व क्वचित एखादा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ हे संभाषणक्षम साधन सर्वांस उपलब्ध झाले आणि त्यानंतर तशा अन्य साधनांचाही प्रसार झाला. तेव्हापासून या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याची प्रथा वाढत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या साधनांचा उपयोग व त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

या विषयावरील चुकीचे विधान वाचकाच्या उपचारांवर प्रत्यक्ष परिणाम करू शकते. जुलै २०२२ मध्ये जोअना मॉनक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक आढावा मलिक्यूलर सायकिॲट्री या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेंदूतील सेरोटोनीन या द्रव्याच्या न्यूनतेमुळे अवसाद उद्‌भवतो, या मतास सुसंगत पुरावा आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अवसादरोधी औषधे गुणकारी आहेत की नाहीत, हा त्या आढाव्याचा विषयच नव्हता. तथापि अनेक ठिकाणी ती वार्ता ‘औषधे निरुपयोगी ठरली’ अशा थाटात मांडली गेली. ही औषधे एकाएकी बंद केल्यास अनेक रुग्णांना त्रासदायक लक्षणे जाणवतात. येथे आढावा खरा, नियतकालिक खरे, वर्षही बरोबर; चूक होती ती केवळ अनुमानात. तथ्यपडताळणी म्हणजे नावे व सनावळ्या तपासणे एवढाच अर्थ घेतला, तर अशी चूक नजरेतून सुटते.

मनोविकारशास्त्रातील तथ्यांचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्यांपैकी पुष्कळशी कालसापेक्ष असतात. समलैंगिकता हा विकार नव्हे, असा निर्णय अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ती १९९० मध्ये वगळण्यात आली. ॲस्पर्गर लक्षणसमूह हे स्वतंत्र निदान अमेरिकन वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत उरले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून अंमलात आले. एकाच विकाराची जुनी व नवी वर्णने ग्रंथांतून शेजारीशेजारी नांदत असल्यामुळे विधान कोणत्या वर्षाच्या व कोणत्या वर्गीकरणाच्या आधारे केले आहे, हे नोंदविल्याशिवाय ते खरे की खोटे हे ठरविताच येत नाही.

साधनांचे स्वरूप : या साधनांच्या मुळाशी असलेले भाषा-प्रतिमान प्रचंड मजकुरावरून शब्दांच्या अनुक्रमाचे संभव शिकते आणि प्रत्येक वेळी पुढील संभाव्य शब्द निवडून उत्तर रचते. ते ग्रंथालयासारखे नोंदी जपून ठेवीत नाही. त्यामुळे जेथे शिकण्यासाठी मजकूर विपुल असतो तेथे उत्तर बहुधा बरोबर येते. जेथे तो विरळ असतो तेथे उत्तराचा घाट तोच राहतो, पण आशय कल्पित असू शकतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जीपीटी-४ओ या प्रतिमानाकडून तीन मानसिक विकारांवर आढावे लिहवून घेऊन त्यांतील १७६ संदर्भ तपासले गेले. सुमारे एक-पंचमांश संदर्भ अस्तित्वातच नव्हते आणि जे होते त्यांपैकी सुमारे ४५ टक्के संदर्भांत काही ना काही चूक होती. अवसादासारख्या सुपरिचित विकाराबाबत बनावट संदर्भांचे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर अतिभक्षणाचा विकार आणि स्वतःच्या शरीरातील काल्पनिक व्यंगाने ग्रासून टाकणारा विकार यांबाबत ते २८–२९ टक्के होते. म्हणजे ज्या विषयात संपादकाला स्वतःची माहिती तोकडी वाटते, नेमक्या त्याच विषयात साधनही अधिक चुकते. उत्तराच्या आत्मविश्वासपूर्ण भाषेवरून हा फरक ओळखू येत नाही.

दुसऱ्या प्रकारची साधने आधी दस्तऐवज शोधतात व त्यांच्या आधारे उत्तर देतात. ती अधिक भरवशाची होत. कारण उताऱ्याशेजारी आधार दिलेला असतो व तो उघडून पाहता येतो. मात्र आधार सापडणे म्हणजे विधान सिद्ध होणे नव्हे. डेव्हिड रोझनहान यांचा, धडधाकट व्यक्तींना मनोरुग्णालयांत दाखल करवून घेण्याचा प्रयोग १९७३ मध्ये सायन्समध्ये प्रसिद्ध झाला व अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांतून सांगितला गेला. सुझॅना कॅहॅलन यांच्या २०१९ च्या ग्रंथाने त्यातील नोंदींच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या. साधनास विचारल्यास मूळ लेखाचा आधार तत्काळ मिळतो. नंतरचा आक्षेप मात्र वेगळा विचारावा लागतो. मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी ‘रिट्रॅक्शन वॉच’ची सूची २०२३ पासून ‘क्रॉसरेफ’मार्फत विनामूल्य उपलब्ध आहे. ती प्रत्यक्ष पाहणे हे साधनास विचारण्यापेक्षा केव्हाही बरे.

भारतीय संदर्भ : आकडेवारीच्या बाबतीत घोटाळा विशेष होतो. बंगळुरू येथील ‘निम्हान्स’ या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी आणि १३.७ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी मानसिक विकार असल्याचे आढळले. ‘द लॅन्सेट सायकिॲट्री’तील एका अभ्यासाने २०१७ या वर्षासाठी १९.७३ कोटी भारतीयांना, म्हणजे सुमारे दर सातांपैकी एकास, मानसिक विकार असल्याचा अंदाज दिला. पहिले प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेले प्रौढांचे सर्वेक्षण, तर दुसरा सर्व वयोगटांसाठी गणिती प्रतिमानाने काढलेला अंदाज. ‘सातांपैकी एक’ हे विधान तपासावयास दिले असता साधन १३.७ हा आकडाही त्याचा आधार म्हणून पुढे करण्याचा संभव असतो. शिवाय हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले व त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. ‘महाराष्ट्रातील १०.६ टक्के लोक’ असे वाक्य मराठी लेखात आले, तर त्यास या सर्वेक्षणाचा कोणताही आधार नाही.

कायद्याबाबत जुना मजकूर अधिक असल्याने जुनीच माहिती वर येते. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली अपराध होता. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ला समांतर असे सर्वसाधारण कलम ठेवलेले नाही. लोकसेवकास त्याच्या कर्तव्याबाबत भाग पाडण्यासाठी वा त्यापासून रोखण्यासाठी केलेला तसा प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली दंडनीय आहे. ‘शॉक’ उपचारांविषयीही तेच : भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे न देता ते करण्यास २०१७ च्या अधिनियमाने मनाई केली आहे.

मराठी मजकुराच्या पडताळणीत भाषांतराची अडचण येते. ‘नैराश्य’ हा शब्द आपण मनाच्या साध्या उदासीनतेलाही वापरतो व विकारालाही. साधनाने दोन्ही ठिकाणी इंग्रजी विकारवाचक शब्द घेतला, की उदास वाटणाऱ्यांची टक्केवारी रुग्णांची होऊन बसते. ‘छिन्नमानस’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९०८ मध्ये योजलेल्या ग्रीक-मूल शब्दाचे भाषांतर होय. तीवरून एका देहात दोन व्यक्ती अशी कल्पना वाचकांत रूढ झाली आहे. ती वस्तुतः निराळ्याच विकाराची आहे. तपासणीसाठी मराठी वाक्यासोबत अभिप्रेत शास्त्रीय निदान स्पष्ट नमूद केल्यास यांतील बराचसा गोंधळ टळतो.

पद्धती : साधनाचा सर्वांत चांगला उपयोग प्रश्न काढण्यासाठी होतो. संपूर्ण लेख देऊन त्यातील तपासण्याजोगी विधाने एकेक वेगळी करावयास सांगितल्यास लेखकाच्या नजरेस न आलेली गृहीतकेही बाहेर येतात. ‘हे बरोबर आहे ना?’ अशी पृच्छा करू नये, कारण ही साधने विचारणाऱ्याच्या मताकडे झुकतात. विधान कशाने खोटे ठरेल, हे विचारावे. त्यानंतर प्रत्येक विधानाचा मूळ दस्तऐवज मनुष्याने स्वतः उघडून वाचावा. औषधांच्या मात्रा व उपचारांविषयीची वाक्ये तज्ज्ञाच्या नजरेखालून गेल्यावाचून छापू नयेत. आत्महत्येविषयीच्या मजकुरात विधान खरे असणेही पुरेसे नसते : जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार (२०००, सुधारित २०२३) पद्धतीचे वर्णन टाळावयाचे असते. भारतीय पत्रकार परिषदेनेही २०१९ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. रुग्णाची कहाणी तपासणीसाठी बाहेरच्या साधनास देताना ओळख पटविणारा सर्व तपशील आधी काढून टाकणे आवश्यक आहे. उपचार घेत असलेल्या व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास २०१७ च्या अधिनियमाचे कलम २४ प्रतिबंध करते.

लेखाच्या शेवटी छापावयाचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक साधनाच्या भरवशावर कधीही घेऊ नये. इंग्रजी मजकुराच्या प्राबल्यामुळे साधन अमेरिकेतील ९८८ हा क्रमांक सुचवू शकते अथवा बंद पडलेली सेवा चालू असल्याचे सांगू शकते. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. कोणताही क्रमांक छपाईस देण्यापूर्वी संपादकाने तो स्वतः फिरवून, पलीकडून कोण व कोणत्या भाषेत बोलते ते ऐकून घ्यावे.