फोड तोंडात, मग डॉक्टर मान का कापायला सांगतात?

नांदेड/लातूर : जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत एक छोटा फोड. तुकडा तपासला की कॅन्सर निघतो. डॉक्टर म्हणतात, फोडासोबत मानेचंही ऑपरेशन करावं लागेल. घरचे मान चाचपून बघतात, हाताला काहीच लागत नाही. मग प्रश्न येतो, चांगली मान कापायची कशाला? बिल वाढवायला? पुष्कळ घरांत गाडी इथंच अडते. तंबाखू-चुना आणि पुडीच्या आपल्या भागात हा प्रश्न कधी कुणाच्या दारी येईल सांगता येत नाही. गुटख्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुडी मिळायची थांबली का, हे टपरीवर जाऊन कुणीही बघावं.

याचं उत्तर खेड्यातल्या माणसाला अर्धं माहीतच आहे. पायात काटा मोडला, जखम पिकली की जांघेत अवधाण येतं. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असं का? तर शरीरात रक्ताच्या नळ्यांशिवाय आणखी एका बारीक नळ्यांचं जाळं असतं. रक्तातून झिरपलेलं पाणी गोळा करून ते पुन्हा रक्तात सोडायचं, हे त्याचं काम. या पाण्याला लसिका म्हणतात. वाटेत जागोजागी मुगापासून शेंगदाण्याएवढ्या गाठी असतात, त्या लसिका ग्रंथी. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. पाणी त्यांच्यातून गाळून पुढं जातं. जखमेतले जंतू तिथं अडकतात, पांढऱ्या पेशी त्यांच्याशी झुंजतात, गाठ सुजते आणि ठणकते.

कॅन्सर हीच वाट धरतो. या बारीक नळ्यांची भिंत रक्तवाहिनीपेक्षा विरळ असते, त्यामुळे आत शिरणं सोपं जातं. काही कॅन्सर तर असा रस सोडतात की त्यांच्याजवळ नव्या नळ्या फुटतात. पाटाच्या पाण्यासोबत काँग्रेस गवताचं बी वाहत येतं आणि जिथं पाणी अडतं तिथं रुजतं, तसंच हे. ग्रंथीत पोचलेल्या बहुतेक कॅन्सरच्या पेशी मरतात. पण एखादी जगली तरी ती वाढत राहते, ग्रंथी भरते, मग पुढची ग्रंथी. शेवटी हे पाणी गळ्याच्या खालच्या बाजूला मोठ्या शिरेत, म्हणजे रक्तात जातं. तिथून फुप्फुस फार लांब नाही.

कुठलं पाणी कुठं जातं, हे ठरलेलं असतं. तोंडाचं मानेत, स्तनाचं मुख्यतः काखेत. गर्भाशयाच्या मुखाचं ओटीपोटात खोल जातं, म्हणून तिथली गाठ हाताला लागतच नाही.

आता मानेची गोष्ट. ग्रंथीत शिरलेल्या कॅन्सरच्या पेशी सुरुवातीला इतक्या थोड्या असतात की हातालाच काय, सोनोग्राफीतही सापडतील याची खात्री नसते. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर असलेले, मानेत गाठ न लागणारे रुग्ण घेतले. निम्म्यांची मान तोंडाच्या ऑपरेशनसोबतच साफ केली, बाकीच्यांची गाठ आली तरच. 500 रुग्णांचा हिशोब 2015 मध्ये जाहीर झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले 67.5 टक्के. म्हणजे थांबून बघण्याची किंमत दर शंभरात बारा-तेरा जीव. आणि चांगल्या दिसणाऱ्या ज्या माना आधीच उघडल्या, त्यातल्या जवळपास 30 टक्क्यांत कॅन्सर पोचलेला होता. हा अभ्यास परदेशातला नाही, आपल्याच देशातल्या रुग्णांचा आहे.

गाठ दिसायला लागते तेव्हा ती बहुधा कडक असते आणि दुखत नाही. घात इथंच होतो. दुखत नाही म्हणून माणूस लेप लावतो, कुणी डाग देतो, महिने जातात. मानेची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हेही खरं. क्षयाची गाठ, जिला जुनी माणसं गंडमाळ म्हणतात, आपल्याकडे भरपूर दिसते. दात किडला तरी गाठ येते. पण कोणती कशाची, हे बोटांनी दाबून कळत नाही. दोन-तीन आठवड्यांत गाठ बसली नाही तर सुईची तपासणी करावी लागते.

“सुई लावली की कॅन्सर पसरतो” हे पारावर हमखास ऐकू येतं. मानेच्या गाठीला बारीक सुई लावून चार पेशी काढल्यानं आजार पसरत नाही. तो पसरतो वेळ गेल्यानं.

गाठीत कॅन्सर निघाला म्हणजे दुसरा कॅन्सर झाला असं नाही. तो तोंडाचाच, पुढं सरकलेला. आणि सगळं संपलं, असंही नाही. अशा रुग्णांना ऑपरेशननंतर बहुधा शेक, म्हणजे रेडिएशन देतात. ग्रंथीचं आवरण फोडून कॅन्सर बाहेर आला असेल तर सोबत औषधंही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल ही या भागातल्या लोकांच्या जाण्यातली ठिकाणं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला भेटून रेशन कार्ड आणि आधार दाखवावं.

मानेच्या ऑपरेशननंतर खांदा काही महिने जड राहू शकतो, हात डोक्यावर न्यायला त्रास होतो. व्यायाम शिकवतात तो त्यासाठी.