खरखर कुठून येते? सायकलच्या हबविषयीचे गैरसमज

पावसाळा सरत आला की सायकलच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चाकातून आवाज येतोय, बेअरिंग गेलंय." मेकॅनिक चाक उचलून फिरवतो, ब्रेकचा रबर जरासा सरकवतो आणि आवाज बंद होतो. चाकाच्या आसपास आवाज करणाऱ्या वस्तू काही थोड्या नसतात. मडगार्डची सैल काडी, ढिली तार, कोरडं फ्रीव्हील आणि पेडल. पेडलची कुरकुर तर फ्रेममधून अशी फिरते, की ती मागच्या चाकातूनच येतेय अशी शपथ घ्यावीशी वाटते. म्हणून आवाजावरून हब उघडायला बसू नये.

बेअरिंगची परीक्षा हातानं होते. चाक सायकलमध्येच ठेवून रिम वरून धरा आणि आडवी हलवून बघा. टक्-टक् असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर एक्सलवरचा कोन सैल झालाय किंवा आतला माल झिजलाय. मग चाक काढा आणि एक्सलचं टोक दोन बोटांत धरून सावकाश फिरवा. वाळू दळल्यासारखी खरखर लागली तर ग्रीस संपून माती आत गेली आहे. एक्सल दर फेरीला ठराविक जागी अडखळत असेल तर कोनावर खड्डे पडले आहेत. रिम फिरताना डावी-उजवीकडे लहरत असेल, म्हणजे चाक 'आऊट' असेल, पण हाताला प्ले लागत नसेल, तर दोष तारांच्या ताणाचा आहे. हब उघडून काही साधणार नाही. पेडल न मारता सायकल चालत असताना फ्रीव्हील किंचित डुलतं, त्यालाही पुष्कळ लोक हबचा दोष समजतात. थोडं डुलणं हा त्याचा स्वभावच आहे.

"चाक हवेत जितका वेळ फिरेल, तितकं बेअरिंग चांगलं" हा समज बहुतेकांनी शाळेच्या सायकल स्टँडपासून सोबत आणलेला असतो. खरं तर ग्रीस धुऊन दोन थेंब पातळ तेल सोडलेलं चाक हवेत सर्वांत जास्त वेळ फिरतं, आणि तेच सर्वांत लवकर खराब होतं. ताजं ग्रीस आणि रबरी सील थोडा अडथळा करणारच. माणूस बसल्यावर जो जोर लागतो तो मुख्यतः हवेशी आणि टायरशी झगडण्यात जातो. धड असलेल्या बेअरिंगचा त्यातला वाटा नगण्य असतो. ताशी २५ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या सायकलचं चाक मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं. छताचा पंखा याहून जोरात फिरतो. तेव्हा सिरॅमिक बेअरिंगच्या जाहिराती शर्यतवाल्यांसाठी सोडून द्याव्यात.

आता सर्वांत महागात पडणाऱ्या गैरसमजाकडे येऊ: "कोन घट्ट आवळला की चाक डगमगत नाही." डगमगत नाही हे खरं, पण आतून मरतं. साध्या सायकलच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला एक कप असतो, तो हबबरोबर फिरतो. एक्सलवर बसलेला कोन मात्र स्थिर असतो. दोघांच्या मध्ये छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. माणसाचं वजन एक्सलवरून खाली येतं, त्यामुळे कोनाचा खालचा तेवढाच भाग सतत भार सोसतो, तर कपाचा पृष्ठभाग फिरत असल्यानं भार वाटून घेतो. कोन जास्त आवळला की त्या भागावरचा दाब आणखी वाढतो, पोलादाचे बारीक कण निघतात आणि खड्डे पडतात. म्हणून कपाआधी बहुधा कोन जातो, आणि त्याचे खड्डे बहुतेक एकाच बाजूला दिसतात. सैल कोनही वाईटच, कारण मग छर्रे आपटत राहतात. पण सैलपणा लगेच कळतो. घट्टपणा महिनोन्‌महिने कळत नाही.

बरोबर बसवायची रीत अशी. कोन बोटांनी छर्‍यांना टेकेपर्यंत फिरवा, मग जरासा मागं घ्या. पातळ पान्यानं तो धरून ठेवा आणि बाहेरचा लॉकनट त्यावर आवळा. लॉकनट आवळताना कोन किंचित आत ढकलला जातो, त्यामुळे आधी ठेवलेला थोडा प्ले त्यात खपतो. खटक्यानं निघणाऱ्या, म्हणजे क्विक रिलीजच्या चाकात एक्सल पोकळ असतो आणि खटका दाबला की तोही किंचित आकुंचतो. तिथं चाक हातात असताना हलकासा प्ले हवाच. सायकलमध्ये आवळल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. पहिल्या खेपेला हे जमत नाही. तीन-चारदा सोडून-बांधून बघावं लागतं, आणि दुकानातला पोरगा ते पाच सेकंदांत करतो याचं वाईट वाटून घेऊ नये.

छर्‍यांबद्दल दोन समज आहेत. एक, खराब दिसतात तेवढेच बदलावेत. दुसरा, जास्त छर्रे म्हणजे जास्त मजबुती. जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरनं १८८३ मध्ये पोलादी गोळ्या हुबेहूब सारख्या मापात घासणारं यंत्र तयार केलं आणि बॉल बेअरिंग घरोघरच्या सायकलींपर्यंत पोचायची वाट मोकळी झाली. सगळी मेख त्या सारखेपणात आहे. झिजलेल्या आठांत एक नवा घातला, तर तो केसभर मोठा असतो आणि भार त्याच्यावरच येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे सगळे छर्रे एकदम, एकाच पुडीतले घालावेत. ते हबमधल्या वस्तूंत सर्वांत स्वस्त असतात. तिथं काटकसर करण्यात अर्थ नाही. बऱ्याच हबमध्ये पुढं ३/१६ इंची छर्रे एका बाजूला दहा आणि मागं १/४ इंची नऊ असतात. तरी जुने मोजून आणि नमुना खिशात घालूनच दुकानात जावं. भरल्यावर रांगेत थोडी फट राहते, ती राहू द्यावी. शेवटचा छर्रा दाबून कोंबला तर तो शेजाऱ्यांच्या डोक्यावर बसतो आणि कोन नीट बसतच नाही.

तेल की ग्रीस, हा वाद जुन्या माणसांशी जपून घालावा, कारण त्यांचंही चूक नसतं. जुन्या काळ्या सायकलींच्या हबवर मधोमध एक भोक असे, त्यावर पत्र्याची सरकती पट्टी. ते हब वरचेवर तेल पाजण्यासाठीच बनवलेले होते. आजच्या ग्रीस भरलेल्या हबच्या कडेनं तेल सोडलं, तर मात्र ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि कडेची माती तेलासोबत आत शिरते. गंज सोडवणाऱ्या स्प्रेचंही तेच. हब उघडा, रॉकेलनं किंवा डिझेलनं सगळं धुवा, कोरडं पुसा आणि कपात साधं लिथियम ग्रीस भरपूर भरा. जास्तीचं बाहेर येईल, ते पुसून टाका. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

"सीलबंद बेअरिंगला पाण्याचं भय नाही." असतं. या बेअरिंगच्या कडेला रबरी ओठ असतो. तो शिंतोडे आणि धूळ अडवतो. गाडी धुण्याच्या फवाऱ्याचा दाब नाही. हबची उंचीही जमिनीपासून जेमतेम फूट-सव्वा फूट. गुडघ्याखालच्या तुंबलेल्या पाण्यातून सायकल ढकलत नेली तरी हब बुडलेलं असतं. अशा दिवसानंतर कप-कोनाचं हब एकदा उघडून बघावंच.

सीलबंद बेअरिंग बदलणं सोपं, की अवघड? सुटं करायला सोपं, बसवायला नाजूक. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६००१ म्हणजे आतलं भोक १२, बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ८ मिलिमीटर. पुढं २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. हा आकडा सांगितला की मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातही ते मिळतं. त्यासाठी सायकलच्या कंपनीचा शिक्का लागत नाही. बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडा मारला तर तो दणका छर्‍यांतून जातो आणि कोऱ्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. जाड आटेवाली सळई, दोन नट, काही वॉशर आणि बाहेरच्या कड्याला टेकेल असं जुनं बेअरिंग एवढ्यावर घरगुती प्रेस तयार होतो. जुनं काढताना मात्र आतल्या कड्यावरच ठोकावं लागतं, म्हणून काढलेलं बेअरिंग पुन्हा बसवू नये.

एक्सलचे आटे एका बाजूला उलटे असतात, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. उलटे आटे डाव्या पेडलला असतात. हबच्या एक्सलचे दोन्हीकडचे सरळच. मागच्या चाकात डाव्या बाजूचे नट आणि कोन तेवढे सोडवा, उजवीकडची जुळणी हलवू नका, म्हणजे एक्सल परत जागच्या जागी बसेल. फ्रीव्हीलच्या सायकलीत उजवं बेअरिंग फ्रेमच्या टोकापासून बरंच आत असतं, त्यामुळे एक्सल वाकण्याचा किंवा तुटण्याचा संभव असतो. काढलेला एक्सल काचेवर लोळवून बघा. तो वाकला असेल तर नवे छर्रे घालून उपयोग नाही, आधी एक्सल बदला.

आणि कापडानं पुसल्यावर कपातही खड्डे दिसले, नखाला लागले, तर ग्रीस वाया घालवू नका. कोन आणि छर्रे नवे मिळतात, पण पुष्कळ हबमध्ये कप वेगळा निघत नाही. तिथं हब किंवा सबंध चाकच बदलावं लागतं, आणि हे काम दुकानाचं. बाकी सगळं घरी होतं. फक्त नवं बसवल्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की रिम धरून एकदा प्ले पुन्हा तपासा.