‘थॅकरे’: जलाशयाखाली गेलेल्या जागेचे आडनाव

इंग्लंडमध्ये विरळ असलेले ‘थॅकरे’ हे आडनाव महाराष्ट्राला परिचित आहे ते ‘ठाकरे’ या आडनावाच्या इंग्रजी लेखनामुळे. दोहोंचे मूळ मात्र सर्वस्वी भिन्न आहे.

इंग्रजी आडनाव स्थलवाचक आहे. यॉर्कशायरमधील ग्रेट टिंबल परिसरात या नावाची जागा होती. आता ती फ्यूस्टन जलाशयाखाली आहे. नावाचे दोन्ही घटक प्राचीन नॉर्स भाषेतील, म्हणजे नवव्या शतकात तेथे स्थिरावलेल्या व्हायकिंगांच्या बोलीतील आहेत. ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारण्याचे गवत वा बोरू, ‘व्रा’ म्हणजे कोपरा. शाकारणीचे गवत मिळते तो कोपरा, असा हा अर्थ. कोकणातील वाचकाला तो वेगळा समजावण्याची गरज नाही.

‘व्हॅनिटी फेअर’ कादंबरीचे लेखक विल्यम मेकपीस थॅकरे यांचा जन्म १८११ मध्ये कलकत्त्यात झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. या लेखकाविषयीच्या आदरातून केशव सीताराम ऊर्फ प्रबोधनकार ठाकरे (१८८५–१९७३) यांनी आपल्या आडनावासाठी तेच इंग्रजी वर्णलेखन स्वीकारले, असे सांगितले जाते. देवनागरीतील ‘ठाकरे’ व त्याचा उच्चार कायम राहिला. मराठी न जाणणारे मात्र ती अक्षरे आजही अनेकदा ‘थॅकरे’ अशीच वाचतात.