स्पीकरमधील गुणगुण : कारणे, उपाय आणि एक धोका

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ तालुके होत. यांपैकी वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. शाळेतील पाठ असो वा ग्रामपंचायतीची सभा, संगणकाला जोडलेला स्पीकर आता सर्वत्र उपयोगात येतो. परंतु शब्दांऐवजी त्यातून अखंड गुणगुण ऐकू येऊ लागली, तर मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला पाठ समजत नाही आणि ग्रामसभेत वाचलेला ठराव ग्रामस्थांपर्यंत पोहोचत नाही. हा दोष बहुधा अल्प खर्चात दूर होतो. मात्र त्यावरील एक प्रचलित उपाय जिवावर बेतू शकतो.

गुणगुण कोठून येते?

आपल्याकडील वीजपुरवठा २३० व्होल्टचा असून त्याचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. स्पीकरमधील खर्जातील गुणगुण ही बहुधा याच आवर्तनांची किंवा त्यांच्या दुपटीची असते. संगणक एका बोर्डावर आणि अँप्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असला, की दोहोंना अर्थिंगचे वेगवेगळे मार्ग मिळतात. ध्वनीची तार त्यांना पुन्हा एकमेकांशी जोडते व एक बंद वेढा तयार होतो. दोन्ही अर्थिंगच्या दाबात किंचित फरक असला, तरी या वेढ्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि अँप्लिफायर तोच मोठा करून ऐकवितो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सैल झालेली पिन किंवा तारेजवळ ठेवलेला मोबाईल यांमुळेही खरखर होते.

दोष कसा शोधावा?

प्रथम मोबाईल दूर ठेवावा व पंखा बंद करून पाहावा. नंतर अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणावा. तरीही गुणगुण राहिली, तर दोष बहुधा अँप्लिफायरमध्येच आहे. ती थांबली, तर आवाज पूर्ववत करून ध्वनीची तार अँप्लिफायरच्या बाजूने काढावी. गुणगुण बंद झाल्यास दोष तारेत, संगणकात किंवा अर्थिंगच्या वेढ्यात आहे, असे समजावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. तेवढ्याने आवाज स्वच्छ झाला, तर कारण वीजजोडणीच्या बाजूस आहे.

उपाय

संगणक व अँप्लिफायर एकाच बोर्डावरून चालवावेत. ध्वनीची तार आखूड व जाळीचे आवरण असलेली घ्यावी आणि ती विजेच्या तारेला समांतर नेऊ नये. एवढ्याने भागले नाही, तर दोन यंत्रांमध्ये ऑडिओ आयसोलेटर बसवावा. त्यातील लहान ट्रान्सफॉर्मरमुळे ध्वनी पुढे जातो, पण तारेतून जोडला गेलेला वेढा तुटतो.

अर्थिंगची पिन काढू नये

काही ठिकाणी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकली जाते. गुणगुण थांबते हे खरे, परंतु त्याबरोबर संरक्षणही नाहीसे होते. यंत्रात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास मार्ग उरत नाही. पेटीला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातूनच ती वाट काढील. पेटीला स्पर्श होताच झिणझिण्या येत असतील, तर मुख्य स्विच तत्काळ बंद करून तपासणी करवून घ्यावी.

या तालुक्यांत ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. येथील डोंगरउतारांवर मातीचा थर पातळ असून खाली काळा पाषाण लागतो. उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला, की अर्थिंगचा विरोध वाढतो आणि दीर्घ पावसाळ्यात तिचे जोड गंजतात. म्हणून परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून मे महिन्यात अर्थिंगचा विरोध मोजून घ्यावा आणि पावसाळ्यानंतर जोड तपासावेत. संगणकासाठी वेगळा खड्डा घेतला असल्यास तो इमारतीच्या मूळ अर्थिंगशी जोडलेला असल्याची खात्री करावी. मोजणीची तारीख व आकडा नोंदवहीत लिहून ठेवावा.

मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांनी गुणगुणीकडे केवळ कानाला होणारा त्रास म्हणून पाहू नये. कित्येकदा ती इमारतीच्या वीजजोडणीतील उणिवेची पहिली सूचना असते. ती वेळीच ओळखली, तर सभेतील शब्द स्पष्ट ऐकू येतील आणि वर्गातील मुलेही सुरक्षित राहतील.