परक्या घरात रुळताना

शाळा-कॉलेजात जर्मन शिकणारी पुण्या-मुंबईची मुले काही महिन्यांसाठी किंवा वर्षभरासाठी जर्मनीत एखाद्या कुटुंबात राहायला जातात, याचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. पहिल्या महायुद्धात जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या ‘एएफएस’ या संस्थेने दुसरे महायुद्ध संपल्यावर शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. एकमेकांच्या घरात जेवलेली, झोपलेली मुले मोठी होऊन एकमेकांशी सहजासहजी लढणार नाहीत, अशी त्यामागची आशा होती. रोटरी क्लबही असे कार्यक्रम चालवतात.

जाण्याआधी घरात महिनाभर लगबग असते. व्हिसा, विमा, स्वेटर, यजमानांसाठी पैठणीच्या कापडाची पिशवी, गोडा मसाला, मेतकूट. पण वसतिगृहात राहणे वेगळे आणि दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या वेळापत्रकात, त्यांच्या भाषेत राहणे वेगळे, हे सहसा कोणी सांगत नाही. तिथे गेल्यावर मूल संध्याकाळीच पेंगते, चार माणसांत गप्प बसते, रात्री भुकेले झोपते, नोव्हेंबरात उदास होते. आपणच कमी पडतो आहोत असे त्याला वाटू लागते. यजमानांना वाटते, पाहुणा रुसला आहे. आईवडिलांना फोनवर ‘सगळे छान आहे’ एवढेच ऐकू येते. यातल्या बहुतेक गोष्टींना शरीराची आणि मेंदूची साधी कारणे असतात. ती आधी माहीत असली, तर बरेच गैरसमज टळतात.

पहिला आठवडा घड्याळाचा

जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे आहे. सप्टेंबरात तिथे पोहोचलेल्या, घरी रात्री अकराला झोपणाऱ्या मुलीचे शरीर तिथल्या साडेसातलाच झोप मागते. नेमकी तीच वेळ घरातले सगळे जण जेवणानंतर गप्पा मारत बसण्याची असते. पहाटे साडेतीनला मात्र तिला टक्क जाग येते, कारण पुण्यात तेव्हा सात वाजलेले असतात.

मेंदूतले जैविक घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावर चालते आणि ढोबळमानाने दिवसाला तासाभराने सरकते. पश्चिमेकडे जाताना ते पुढे ढकलायचे असते. आपले अंगभूत घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्याने हे तुलनेने सोपे जाते. पहिले चार दिवस संध्याकाळी बाहेर उजेडात चालायला जावे, दुपारची झोप वीस मिनिटांवर नेऊ नये आणि पहाटे जाग आली तरी मोबाइल उघडू नये. पहिल्याच दिवशी यजमानांना ‘मला लवकर झोप येईल, कंटाळा आला असे समजू नका’ एवढे सांगितले, तरी बरेच सोपे होते.

परकी भाषा थकवते

दुसऱ्या त्रासाबद्दल सहसा कोणी बोलत नाही. दिवसभर परक्या भाषेत राहणे ही मेंदूची मेहनत असते. मातृभाषेत ऐकताना शब्द आपोआप उलगडतात, पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो. परक्या भाषेत हे काम जाणीवपूर्वक करावे लागते. ऐकलेले क्षणभर धरून ठेवायचे, त्याचा अर्थ लावायचे, उत्तर जुळवायचे. ही तात्पुरती स्मरणशक्ती मर्यादित असते. जर्मन वाक्यात तर क्रियापद अनेकदा शेवटी येते, त्यामुळे सगळे वाक्य डोक्यात धरून थांबावे लागते. मराठीतही क्रियापद शेवटीच असते, तेवढी सवय आपल्या मुलांच्या कामी येते.

गोंगाटात हे आणखी अवघड होते. वर्गात परीक्षेला उत्तम गुण मिळवणारा मुलगा जेवणाच्या टेबलाशी चार माणसे एकदम बोलू लागली की हरवतो. हा भाषेचा किंवा बुद्धीचा दोष नाही. गोंगाटातून शब्द वेगळे काढण्याची क्षमता परक्या भाषेत सगळ्यांचीच कमी पडते. अशा दिवसात अर्धा-पाऊण तास एकट्याने घालवावा. पण दार लावून घेण्याआधी ‘जरा डोके शांत करतो, मग येतो’ असे सांगावे, म्हणजे यजमानांना तो रुसवा वाटत नाही.

ताटातला ‘नको’

आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे आणि यजमानाने आग्रह करायचा, हे ठरलेले असते. जर्मन घरात ‘नको’ म्हणजे नको. पोळीचा दुसरा आग्रह व्हावा तशी ब्रेडची परडी पुन्हा समोर येईल, याची वाट बघणारे मूल उपाशी राहते. यजमानांनी मात्र त्याच्या इच्छेचा मान राखलेला असतो. भूक असेल तर सरळ ‘हो, आणखी हवे’ म्हणावे. त्याला तिथे कोणी हावरट समजत नाही.

त्यात रात्रीचे जेवण पुष्कळ घरांत ‘आबेंडब्रोट’ असते, म्हणजे ब्रेड, लोणी, चीज, मांसाचे काप, काकडी-टोमॅटो. तेही थंडच, आणि सहा-साडेसहाला. आठ-साडेआठला गरम आमटी-भात जेवायची सवय असलेल्या पोटाला दहा वाजता पुन्हा भूक लागते. जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी भुकेची संप्रेरके वाढतात आणि नव्या वेळेशी जुळवून घ्यायला त्यांना काही दिवस लागतात. तोवर रात्री एखादे फळ किंवा दही खाल्ले तर चालेल का, हे यजमानांना विचारून ठेवावे.

शाकाहारी मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जर्मनीत ‘व्हेगेटारिश’ पदार्थात अंडे चालते. अनेक गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असते आणि काही चीज प्राण्यांच्या रेनेटने विरजलेली असतात. आपण काय खातो आणि काय नाही याची यादी जर्मनमध्ये लिहून द्यावी. दूध-दही-चीज खाणाऱ्याला बी-१२ जीवनसत्त्व त्यांतून मिळते. तेही बंद झाले तर यकृतातला साठा काही काळ पुरतो, पण आधीच कमतरता असेल तर जाण्यापूर्वी तपासणी करून घेतलेली बरी. शेंगदाणे, तीळ, दूध अशी कुठली अ‍ॅलर्जी असेल, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. ते शब्द आधीच पाठ करून जावे.

थंडीत उघडी खिडकी

बाहेर शून्याखाली तापमान असताना यजमानीण सकाळी येऊन खिडकी सताड उघडते, तेव्हा आपल्या मुलांना ते विचित्र वाटते. याला ‘श्टोसल्यूफ्टन’ म्हणतात. दिवसातून दोन-तीन वेळा, हीटर बंद करून, पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या. या सवयीला शास्त्राचा आधार आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी 1858 साली घरांतल्या हवेचा अभ्यास मांडला. माणसांच्या श्वासाने खोलीत कर्बवायू किती साठतो यावरून हवा किती कोंदट झाली ते ठरवता येते, असे त्यांनी दाखवले. हजार भागांत एक भाग ही त्यांनी सुचवलेली मर्यादा आजही खोलीतल्या हवेचा ढोबळ मापदंड म्हणून वापरली जाते.

खिडकी उघडण्याचे दुसरे कारण ओलावा. बंद घरात आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून बाष्प साठते. ते थंड भिंतींवर जमून बुरशी धरते, आणि बुरशी दमेकऱ्यांना त्रासदायक असते. म्हणून खोलीत ओले कपडे वाळत घातले की यजमान अस्वस्थ होतात. तो हट्ट नसतो, घराच्या आणि छातीच्या काळजीचा भाग असतो. फोडणी करायची असेल तर आधी विचारावे, पंखा लावावा आणि नंतर खिडकी उघडावी.

नोव्हेंबरचा अंधार

पुणे साडेअठरा अंशांवर आहे, बर्लिन साडेबावन्न. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात अकरा तास उजेड असतो, बर्लिनमध्ये जेमतेम पावणेआठ. सव्वाआठला सूर्य उगवतो आणि चारच्या आत मावळतो, तोही बहुधा ढगांआड. अंधारातच शाळेत जायचे आणि घरी येऊन थोड्याच वेळात पुन्हा अंधार, अशा दिनक्रमात काही जणांना खूप झोप येते, गोड खावेसे वाटते, कशातच रस उरत नाही. अशा ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली केले.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिवसा बाहेर पडणे. घरातल्या दिव्यांचा प्रकाश काहीशे लक्स असतो. ढगाळ दुपारी बाहेर तो बहुधा हजारांत मोजावा लागतो. त्यामुळे मधल्या सुट्टीत वर्गात न बसता बाहेर चालावे. सायकल किंवा खेळाचा क्लब हिवाळ्यातही सोडू नये.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. जर्मनीत साधारण ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका कलता असतो की त्वचेत ते तयार करणारे किरण पुरेसे पोहोचत नाहीत. सावळ्या त्वचेला तर एरवीही जास्त वेळ ऊन लागते, आणि आपल्याकडे भरपूर ऊन असूनही ही कमतरता सर्रास आढळते. म्हणून जाण्याआधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. मनाने जास्त गोळ्या घेणे मात्र धोक्याचे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते.

घराची ओढ

घरच्या आठवणीने येणाऱ्या दुःखाला जर्मनमध्ये ‘हाइमवे’ म्हणतात. ‘हाइम’ म्हणजे घर, ‘वे’ म्हणजे वेदना. 1688 साली बाझेलच्या विद्यापीठात योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने यावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा नवा शब्द घडवला. म्हणजे दूर गेलेल्या तरुणांचे झुरणे वैद्यकाने तीनशे वर्षांपूर्वीच गांभीर्याने घेतले होते.

विसाव्या शतकात मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी ‘कल्चर शॉक’ ही कल्पना रूढ केली. 1955 मध्ये स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून सांगितले, की सुरुवात बरी जाते, मधला काळ जड जातो आणि मग पुन्हा जम बसतो. हा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख आजही अनेक माहितीपत्रकांत दिसतो. पण लिसगार्ड यांनी त्याच मुलांचा पुढे पाठपुरावा केला नव्हता. कमी आणि जास्त दिवस राहिलेल्या वेगवेगळ्या मुलांची तुलना केली होती. पुढे कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा पहिल्या दिवसापासून माग काढला, तेव्हा सर्वांत अवघड काळ सुरुवातीचाच निघाला. त्यामुळे ‘पहिला महिना तर मजेत जायला हवा’ असे मुलांना सांगू नये. तो गेला नाही की आपल्यातच काही बिघडले आहे असे त्यांना वाटते.

पालकांच्या फोनचाही यात वाटा असतो. पुण्यात सकाळी सहाला पाठवलेला ‘शुभ सकाळ’ हिवाळ्यात तिथे रात्री दीडला वाजतो. रात्री अकराचा व्हिडिओ कॉल तिथल्या संध्याकाळी साडेसहाच्या जेवणात येऊन पडतो. त्यापेक्षा आपल्याकडचे नऊ, म्हणजे तिथले साडेचार बरे. आठवड्याचे दोन-तीन ठरलेले दिवस असावेत, आणि बाकी वेळ त्या घरातल्या माणसांसाठी मोकळा राहावा. फोनवर ‘जेवलास का’ यापुढे जाऊन ‘आज कोणाशी बोललास’, ‘झोप किती लागते’ असे विचारले, तर खरी स्थिती लवकर कळते.

काळजी कधी करावी

रडू येणे, चिडचिड, घरच्या जेवणाची स्वप्ने, हे सगळे होणारच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली, शाळेत जावेसेच वाटेना, वजन उतरू लागले, जगण्यात अर्थ नाही असे विचार येऊ लागले, तर ती केवळ घरची आठवण नव्हे. तेव्हा संस्थेच्या स्थानिक समन्वयकाला, शाळेतल्या शिक्षकाला किंवा डॉक्टरांना लगेच सांगायला हवे. यजमान कुटुंबाशी पटतच नसेल किंवा तिथे असुरक्षित वाटत असेल, तर घर बदलून मागण्यात कमीपणा नाही. कुटुंब बदलण्याची सोय अशा कार्यक्रमांत असते.

तापसर्दीला जर्मन डॉक्टर बहुधा चहा आणि विश्रांती सांगतात. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. विषाणूंच्या सर्दीवर त्यांचा उपयोग नसतो, म्हणून ‘औषधच दिले नाही’ असे वाटून घेऊ नये. शाळेत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, तो सोबत ठेवावा. जंगलात फिरून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे बघावे. मुलाच्या फोनमध्ये तीन क्रमांक हवेत. तातडीच्या मदतीसाठी 112, दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी 116117 आणि मुला-तरुणांना मन मोकळे करण्यासाठी 116111.

वर्ष संपून मूल परत आले की आणखी एक धक्का बसतो, तो बहुतेक घरांना अनपेक्षित असतो. 1963 साली गुलाहॉर्न पतिपत्नींनी दाखवून दिले, की मायदेशी परतल्यावरही जुळवून घेण्याचा तोच प्रवास पुन्हा घडतो. मुलगी आता ‘नको’ म्हणते तेव्हा तिला खरोखरच नको असते, आणि थंडीत ती सकाळी उठून सगळ्या खिडक्या उघडते. तिला उद्धट ठरवण्याआधी थोडे दिवस जाऊ द्यावेत. ती तिथे रुळली, तशी इथेही पुन्हा रुळेल.